मसालेदार वाइनमध्ये मुरलेली नाशपाती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडला माझ्या घरी मी गोड पदार्थांचे छोटे वर्ग घेते. ओट्याभोवती सहा-सात जण उभे राहून शिकतात. हा पदार्थ शिकवला की त्याच संध्याकाळपासून फोन सुरू होतात. कुणी मंडईत उभं असतं आणि हातातली नाशपाती चालेल का विचारतं. कुणाचा पाक पुढे गेलेला असतो. कुणाकडे सासूबाई जेवायला यायच्या असतात आणि वाइनचं काय करायचं हा पेच पडलेला असतो. या प्रश्नांची उत्तरं कृतीच्या चार ओळींत मावत नाहीत, म्हणून इथे सवडीनं लिहिते आहे.

हा पदार्थ नेमका काय आहे?

अख्खी नाशपाती सोलायची, देठ तसाच ठेवायचा. साखर आणि खडे मसाले घातलेल्या रेड वाइनमध्ये ती अगदी मंद आचेवर मऊ करायची, त्याच रसात रात्रभर मुरू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी तो रस आटवून तिच्यावर घालायचा. पदार्थ फ्रान्सचा, बर्गंडी आणि बोजोलेसारख्या वाइनच्या मुलखातला. युरोपात पूर्वी नाशपातीच्या काही जाती इतक्या टणक आणि तुरट असत की कच्च्या खाताच येत नसत. हिवाळ्यासाठी त्या साठवायच्या आणि शिजवूनच खायच्या. आपण आवळ्याचा मोरावळा करतो त्यामागचा विचारही हाच आहे. कच्चं खायला अवघड असलेलं फळ साखरेत, मसाल्यात आणि वेळेत मुरलं की निराळं होऊन जातं. मोरावळा ज्यांना जमतो त्यांना हा पदार्थ परका वाटायचं कारण नाही.

सहा जणांसाठी प्रमाण आणि थोडक्यात कृती सांगाल का?

मध्यम आकाराच्या सहा नाशपात्या, रेड वाइनची ७५० मिलीची एक बाटली, २५० मिली पाणी, १५० ग्रॅम साखर, एका संत्र्याची साल, अर्ध्या लिंबाचा रस. मसाल्यात बोटभर दालचिनी, चार लवंगा, एक चक्रीफूल, चार वेलदोडे ठेचून आणि सहा-सात मिरे.

मसाले कापडाच्या पुरचुंडीत बांधा. वाइन, पाणी, साखर, ही पुरचुंडी आणि साल एकत्र गरम करून साखर विरघळू द्या. तोवर नाशपात्या सोला. सोललेल्या लगेच लिंबू पिळलेल्या पाण्यात टाका, नाहीतर कापलेल्या सफरचंदासारख्या काळवंडतात. मग त्या वाइनमध्ये सोडा, वर बटर पेपरची चकती ठेवा आणि २५ ते ४० मिनिटं मंद आचेवर राहू द्या. भांडं खाली उतरवा, पुरचुंडी काढून टाका, गार झालं की तसंच्या तसं फ्रिजमध्ये रात्रभर. सकाळी फळं बाजूला काढून रस आटवा. कृती एवढीच. बाकीची सगळी चर्चा बारकाव्यांची आहे, पण पदार्थ बारकाव्यांवरच उभा आहे.

मंडईत चार प्रकारच्या नाशपात्या दिसतात. कोणती घेऊ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि निम्मा पदार्थ इथेच ठरतो.

श्रावण-भाद्रपदात उत्तरेकडचा माल पुण्यात येतो. त्यात पंजाबकडची पत्थरनाख असते. गोलसर, हिरवी, खाताना कचकच लागणारी. नावात पत्थर आहे ते उगीच नाही. तिच्या गरात कडक कणांसारख्या पेशी असतात आणि त्या कितीही शिजवल्या तरी मऊ होत नाहीत. मीठ-तिखट लावून खायला ती छान आहे, या पदार्थाला नको. त्याच सुमाराला हिमाचल-काश्मीरचं बब्बूगोशा येतं. ते सुगंधी आणि लोण्यासारखं असतं. चवीला याच्याइतकं चांगलं दुसरं मिळणार नाही, पण पिकलेलं आणलंत तर दहा मिनिटांत गरगट होतं. बब्बूगोशा घ्यायचं तर जरा कच्चं, दाबलं तर मुळीच न दबणारं घ्या.

एरवी परदेशी फळं मिळतात. दक्षिण आफ्रिकेहून येणारी पॅकहॅम हिरवी आणि थोडी ओबडधोबड दिसते, पण शिजल्यावर आकार धरून राहते. तिथलीच फोरेल लहान असते, अंगावर लाल झाक असते. माणशी एक वाढायला ती फार देखणी. नवशिक्यांना मी पॅकहॅमच सुचवते.

निवडताना पोट दाबून पाहू नका. नाशपाती आतून बाहेर पिकत येते, त्यामुळे पोट मऊ लागेपर्यंत आतला गाभा तपकिरी झालेला असतो. अंगठा देठाजवळ मानेवर ठेवा. तिथे किंचित, अगदी किंचित दाब लागला पाहिजे. मान दगडासारखी असेल तर दोन दिवस ओट्यावर ठेवा. सहाच्या सहा एकाच आकाराच्या आणि एकाच अवस्थेतल्या निवडा. एक पिकलेली आणि एक कच्ची अशी जोडी एका भांड्यात कधीच एकावेळी होत नाही. फळवाल्याला आधी सांगितलंत की शिजवायला हव्या आहेत, तर तो मागच्या पेटीतल्या कडक काढून देतो. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

वाइन कोणती? महागच हवी का?

मुळीच नाही. महाग वाइनमधले नाजूक वास आच लागली की उडून जातात. नाशिक भागातली साधी शिराज किंवा झिनफँडल उत्तम चालते, कारण त्यांत फळाचा आणि मसाल्याचा वास मुळातच असतो. अकलूजकडे सांजोव्हेसे या इटालियन द्राक्षाची लागवड आहे, त्याची वाइनही चालेल, जरा आंबटसर लागेल एवढंच. टाळायची ती जड, तुरट, लाकडी पिंपात बराच काळ ठेवलेली वाइन. रस आटवताना तुरटपणाही आटून दाट होतो, मग शेवटी जिभेला कोरड पडते.

पुणेकरांच्या कपाटात हमखास असते ती गोव्याहून आणलेली पोर्ट. ती चालते, पण मुळातच गोड असते. साखर निम्मी करा आणि लिंबाचा रस वाढवा.

उघडून ठेवलेली वाइन चालेल?

बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस ठेवलेली चालेल. चमचाभर चाखून बघा. शिरक्याकडे झुकली असेल तर या पदार्थात घालू नका, साखरेनं ती झाकली जात नाही.

व्हाइट वाइनमध्ये होईल का?

होईल आणि फार सुंदर होईल. नाशिकची शेनँ ब्लाँ घ्या. दालचिनी-लवंग बाजूला ठेवा, त्याऐवजी केशराच्या १०-१२ काड्या आणि सहा वेलदोडे. नाशपाती सोनेरी होते. दिवाळीच्या आसपास मी हीच करते.

शिजवल्यावर दारू उडून जाते ना? मग मुलांना दिली तर चालेल?

हे नीट वाचा, कारण इथे मोठा गैरसमज आहे. अल्कोहोल साधारण ७८ अंशांना उकळतं, म्हणून वाइन तापली की ते सगळं निघून जातं असं सगळे गृहीत धरतात. तसं होत नाही. पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल हळूहळू, पाण्याबरोबरच बाहेर पडतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मंद आचेवर १५ मिनिटांनी सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरतं, अर्ध्या तासानं ३५ टक्के, तासाभरानं २५ टक्के आणि अडीच तासांनीही ५ टक्के. आपण तर वर कागद झाकतो. नंतर रस आटवताना आणखी बरंच जातं हे खरं, पण फळात शिरलेलं फळातच राहतं.

म्हणून मुलांना, गरोदर बाईला, दारू सोडलेल्या माणसाला आणि ज्यांच्या औषधांबरोबर अल्कोहोल चालत नाही त्यांना ही नाशपाती देऊ नका. जे घेतच नाहीत त्यांना वाढण्याआधी सांगा. ताट समोर आल्यावर सांगणं आणि न सांगणं यांत फारसा फरक नाही. एखाद्याचा नियम आपल्याला पटो न पटो, आपल्या घरी जेवायला बसलेल्या माणसाचा विश्वास मोडायचा नाही, याबाबत मी अगदी ठाम आहे.

मग वाइन न घालता तोच रंग, तीच चव येईल?

तीच चव येणार नाही. पण स्वतःच्या पायावर उभा राहणारा पदार्थ नक्की होतो, आणि आमच्याकडे श्रावणात तोच होतो. नाशपातीचा हंगाम नेमका श्रावणात येतो आणि अनेक घरांत त्या महिन्यात वाइन आत येत नाही, त्यामुळे ही कृती मी बरीच वर्षं घासूनपुसून घेतली आहे.

वाइनमध्ये तीन गोष्टी असतात: रंग, आंबटपणा आणि तुरटपणा. तिन्ही वेगवेगळ्या जागेवरून आणायच्या. अर्धा लिटर काळ्या द्राक्षांचा रस, २५० मिली डाळिंबाचा रस आणि सात-आठ आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून काढलेलं २५० मिली पाणी. तुरटपणासाठी साध्या चहाची चमचाभर पत्ती पुरचुंडीत बांधून शेवटची पाच मिनिटं सोडायची, त्याहून जास्त नाही. साखर आधी ५० ग्रॅमच घाला आणि चाखून वाढवा, कारण रस गोड असतात. आमसुलाऐवजी आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं. आणि बाटलीतलं गोड कोकम सरबत घातलंत तर साखर पूर्ण वगळा.

पुण्याजवळच्या मांजरी गावात राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्यांनी रसासाठीच मांजरी मेडिका नावाचा गडद रंगाचा वाण काढला आहे. त्याचा रस कुठे मिळाला तर जरूर आणा, रंगाला तोड नाही.

कोणत्या भांड्यात करायची?

जाड बुडाचं स्टील सगळ्यात निर्धास्त. ॲल्युमिनियम आणि हिंडालियम नको. वाइन आंबट असते, ती धातूला लागते आणि रस करडा, धातूच्या चवीचा होतो. तांब्या-पितळेच्या पातेल्याचा मोह मला कळतो. तांबट आळीतून आणलेलं पातेलं ओट्यावर दिसतंच तसं देखणं. पण आत कल्हई धड नसेल तर रस कळकतो, आणि कळकलेला पदार्थ टाकूनच द्यावा लागतो. कल्हई ताजी असेल तरच वापरा, आणि रात्रभर मुरायला मात्र काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा.

भांडं रुंद नको. नाशपात्या जेमतेम मावतील एवढंच हवं. मोठ्या पातेल्यात त्या बुडवायला दोन बाटल्या लागतील.

मसाल्यांचं प्रमाण वाढवलं तर? आम्हाला मसालेदार आवडतं.

वाढवू नका. मी एकदा भाचीच्या केळवणाला बारा नाशपात्या केल्या आणि लवंगाही हिशेबानं दुपटीहून जास्त घातल्या. रात्रभर मुरल्यावर झाकण उघडलं तर दातदुखीला लावतात त्या लवंगेच्या तेलाचा वास. फळाचा मागमूस नाही. सगळ्या फळांवरचा रस ओतून देऊन नवा पाक केला, तरी वास गेला नाही. मसाला शिजताना जेवढा उतरतो त्याच्या कितीतरी पट मुरताना उतरतो, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून फळं शिजली की पुरचुंडी मी लगेच काढून टाकते आणि मगच मुरायला ठेवते.

दालचिनीबद्दल थोडं. पुण्यात वाण्याकडे मिळते ती जाड, एकेरी सालीची दालचिनी बहुतेक वेळा कॅशिया असते. ती उग्र असते, अर्धं बोट पुरे. कोकणात, दापोलीकडे खरी दालचिनी पिकते. पातळ, कागदासारख्या पापुद्र्यांची, हातानं चुरडणारी. ती मिळाली तर बोटभर घाला. तिची चव गोडसर आणि शांत असते, नाशपातीवर चढून बसत नाही.

पूड कुठलीच वापरू नका, रस गढूळ होतो. संत्र्याची फक्त रंगीत साल घ्या, आतला पांढरा भाग कडवट असतो. परदेशी संत्र्यांवर मेणाचा थर असतो, तो कोमट पाण्यानं चोळून काढा. हिवाळ्यात नागपुरी संत्र्याची साल घ्यावी, तिचा वास वेगळाच.

जायपत्रीचा एक पापुद्रा मला आवडतो, बडीशेप मुळीच आवडत नाही. चक्रीफूल आणि बडीशेप दोन्ही घातलंत तर मुखवासाची आठवण येते.

आच नेमकी किती ठेवायची? उकळी यायला हवी का?

उकळी आली की पदार्थ हातचा गेला. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. आपल्याला त्याहूनही बरंच खाली, ८० ते ८५ अंशांवर राहायचं आहे. थर्मामीटर लागत नाही. रसाचा पृष्ठभाग थरथरला पाहिजे, कडेनं एखादा बुडबुडा वर आला पाहिजे, आणि तेवढंच. खदखदणाऱ्या रसात फळं एकमेकांवर आपटतात. बाहेरचा थर आत उष्णता पोचायच्या आधी विरघळायला लागतो, मग बाहेर लगदा आणि आत कच्चा गाभा.

गॅसची छोटी शेगडी सगळ्यात मंद करूनही उकळी येत असेल तर खाली लोखंडी तवा ठेवा. पुरण आटवताना किंवा दमाला ठेवताना करतो तसंच. इंडक्शनवर आच स्थिर राहते, ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्यावरच करावं.

कुकरला लावली तर?

नको. एका शिट्टीत फळाचा लगदा होतो.

नाशपाती तरंगते आणि वरचा भाग पांढराच राहतो. काय करू?

तिचा स्वभावच तरंगायचा आहे. म्हणून ती बटर पेपरची चकती. भांड्याच्या तोंडाएवढी गोल कापा, मधे रुपयाएवढं भोक पाडा आणि थेट रसाच्या पृष्ठभागावर बसवा. कागद भिजून फळांना खाली दाबून धरतो, वरचा भागही ओला राहतो आणि भोकातून वाफ जाते. स्टीलचं झाकण हे काम करत नाही, त्याखाली उकळी मात्र हमखास येते. शिवाय दर दहा मिनिटांनी फळं हलक्या हातानं फिरवा. लाकडी चमच्यानं किंवा देठाला धरून, चिमटा नको. चिमट्याच्या खुणा शेवटपर्यंत दिसतात.

शिजली हे कसं ओळखायचं?

टूथपिक बुडाकडून आत घाला, म्हणजे भोक दिसणार नाही. सहज गेली पाहिजे, पण गाभ्याजवळ किंचित अडखळली पाहिजे. तेवढा अडसर राहू द्या. गरम रसात गार होईपर्यंत फळ आणखी शिजतं. पूर्ण मऊ होईपर्यंत गॅसवर ठेवलंत तर सकाळी ती उभी राहणार नाही.

त्याच दिवशी वाढायची असेल तर चालेल?

खाता येईल, पण मी वाढणार नाही. गॅसवरून उतरवल्यावर नाशपाती फिकट गुलाबी दिसते आणि चवीला वाइन वेगळी, फळ वेगळं लागतं. लोणचं घातल्या दिवशी कैरीची फोड जशी लागते तसं. गार होताना रस फळात शिरतो, फळातलं पाणी रसात येतं, आणि हे अदलाबदलीचं काम बारा तास तरी चालतं. दुसऱ्या दिवशी कापून बघा. बाहेर माणकासारखा गडद थर, मग गुलाबी, आणि मधोमध पांढरा गाभा. दोन दिवसांनी तर आणखी छान. पाहुणे शनिवारी येणार असतील तर मी गुरुवारी रात्री करते. वेळ फार कमी असेल तर नाशपाती उभी चिरून, बी काढून अर्धीच शिजवा. १५ मिनिटांत होते, चार तासांत मुरते.

रंग जांभळट का झाला?

आंबटपणा कमी पडला. वाइनचा लाल रंग आंबट रसात लालभडक राहतो आणि आंबटपणा उतरला की निळसर-जांभळ्याकडे जातो. चमचाभर लिंबू पिळा, डोळ्यांदेखत बदलेल.

रस किती आटवायचा?

आपल्याकडचे पाकाचे शब्द इथे कामी येतात. एकतारीच्या आधी थांबायचं. बोटात धरल्यावर तार धरू नये, नुसतं चिकट लागावं. साधारण लिटरभर रस पाव लिटरपर्यंत आणायचा, त्याला मोठ्या आचेवर २०-२५ मिनिटं लागतात. इथे आच मोठीच हवी, आता भांड्यात फळ नाही. गरम असताना तो पातळच वाटतो आणि म्हणूनच सगळे फसतात. फ्रिजमध्ये ठेवलेल्या ताटलीवर थेंब टाका, बोटानं मधून रेघ ओढा. रेघ लगेच मिटली नाही की गॅस बंद.

पुरचुंडी आधीच काढलेली असेल, पण संत्र्याची साल राहिली असेल तर तीही आटवण्याआधी काढा.

पाक पुढे गेला, गार झाल्यावर चिक्कीसारखा झाला!

घाबरू नका. दोन-तीन चमचे गरम पाणी घालून मंद आचेवर विरघळवा, पूर्ववत होतो. करपला असेल तर मात्र वास जाणार नाही, तो टाका आणि वाटीभर नव्या वाइनमध्ये चार चमचे साखर घालून छोटा पाक करा.

हीच कृती दुसऱ्या फळांना लावता येईल?

या प्रश्नाची मी वाट बघत असते, कारण माझ्या मते पुण्यातलं सगळ्यात चांगलं वाइनमधलं फळ नाशपाती नाहीच. ते आहे अंजीर. सासवडच्या बाजूचं पुरंदरचं अंजीर, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिवाळ्यातल्या खट्टा बहारापेक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर येणारं मीठा बहाराचं फळ घ्या. पाक आधी निम्मा आटवून घ्यायचा, गॅस बंद करायचा, देठ किंचित छाटलेली अख्खी अंजिरं त्यात सोडायची आणि झाकून ठेवायची. शिजवायचं नाहीच. अंजीर गरम रसातच हवं तेवढं होतं. तासाभरात खाता येतं. वाहतुकीत हे फळ टिकत नाही, त्यामुळे ही मजा पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांचीच.

दुसरा पेरू. बेताचा कडक, पांढऱ्या गराचा. सोलून, अर्धा करून, बियांचा गाभा चमच्यानं कोरून काढायचा. उरलेल्या वाट्या दहा-बारा मिनिटांत होतात आणि वाइनमध्ये पेरूचा वास असा काही फुलतो की घरभर दरवळतो. यात लवंग पूर्ण वगळा, मिरी वाढवा. पेरूला मिरी मानवते हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

आलुबुखार आणि पीच पाच-सात मिनिटांत होतात. सफरचंद चालतं, पण ते नाशपातीइतकं रंग घेत नाही. चिकू, केळं आणि पपई करून बघू नका. चिकूचा गोडवा वाइनपुढे मातकट लागतो, बाकी दोन विरघळतात.

बरोबर काय वाढू?

मस्कार्पोने या मलईदार इटालियन चीजच्या मागे लागू नका, आपल्याकडे चक्का आहे. डेअरीतून ताजा, आंबट न झालेला चक्का आणा, पुरणयंत्रातून काढा, त्यात दोन चमचे साय आणि अगदी थोडी पिठीसाखर. श्रीखंडाइतकं गोड करायचं नाही, ते काम पाकाचं आहे. ताटलीत चक्क्याचा गोळा, शेजारी नाशपाती उभी (बुडाला पातळ चकती कापली की उभी राहते), वरून दोन चमचे पाक. पाक जास्त ओतला की ताटली तळ्यासारखी दिसते.

कुरकुरीत काही हवं असतं. कॅम्पातल्या श्रूजबेरी बिस्किटांचा जाडसर चुरा किंवा तव्यावर कोरडे भाजलेले अक्रोड, यांतलं एकच. चांदीचा वर्ख, गुलाबाच्या पाकळ्या, पिस्त्याचे काप यांचा मोह टाळा. हे फळ स्वतःच इतकं देखणं आहे की त्याला दागिना नको.

बासुंदी किंवा रबडीबरोबर देऊ नका. आंबट पाक लागला की दूध फाटल्यासारखं दिसतं.

फ्रिजमधून थेट वाढायची का?

अर्धा तास आधी बाहेर काढा. फार गार असताना मसाल्याचा वास येत नाही.

किती दिवस टिकते? फ्रीझरमध्ये ठेवता येईल?

रसात पूर्ण बुडालेली असेल तर फ्रिजमध्ये चार-पाच दिवस उत्तम. स्टीलच्या डब्यापेक्षा काचेची बरणी बरी. फ्रीझर नको, वितळल्यावर फळ स्पंजासारखं होतं आणि पाणी सोडतं.

दोघांसाठी दोनच करायच्या असतील तर अख्खी बाटली घालवायची?

नाही. दूध तापवायच्या छोट्या पातेल्यात दोन नाशपात्या आडव्या ठेवा. ३०० मिली वाइन आणि १०० मिली पाणी पुरतं, साखर ६० ग्रॅम, मसाला निम्मा, पण दालचिनी आणि चक्रीफूल यांतलं एकच. आडव्या असल्यामुळे दर पाच मिनिटांनी फिरवाव्या लागतील.

पाक उरला. फेकवत नाही.

फेकू नकाच. गाळून बरणीत भरा, फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज राहतो. थंड सोड्यात दोन चमचे आणि लिंबाची चकती, किंवा साध्या व्हॅनिला आइस्क्रीमवर. मी बहुतेक वेळा तो पुढच्या नाशपात्यांच्या रसात घालते. एका खेपेचा पाव वाटी पाक दुसऱ्या खेपेत गेला की रंग लवकर चढतो आणि साखर ५० ग्रॅमनी कमी लागते. त्यात मसाला आधीच उतरलेला असतो, म्हणून त्या खेपेला लवंगा चाराऐवजी दोनच टाका.